फळीवरचे जबडे

माझे सासरे सदतीस वर्षं बॉक्सिंगचे पंच होते. पोटापाण्यासाठी त्यांनी पाणीपुरवठ्यात मीटर तपासायची नोकरी केली. पण नोकरीबद्दल विचारलं तर ते दोन वाक्यांत आटपतात आणि पंचगिरीबद्दल विचारलं तर विचारणाऱ्याचा चहा गार होतो. आख्ख्या गल्लीत ते पंचकाका. सासूबाई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ते आमच्याकडे राहायला आले.

आमचं घर वर आणि दवाखाना खाली. माझी बायको दातांची डॉक्टर. मी मागच्या खोलीत कवळ्या, कॅप आणि खेळाडूंच्या दातांवर बसवायची माउथगार्ड बनवतो. म्हणजे तिच्याकडे माणसं येतात आणि माझ्याकडे त्यांचे प्लास्टरचे जबडे. तिला सगळे डॉक्टर म्हणतात, मीसुद्धा. सासरे मात्र भर दवाखान्यात बेबी म्हणतात. पेशंटच्या तोंडात ड्रिल असताना दारातून आवाज येतो, "बेबी, माझा चष्मा कुठे ठेवलास?" आणि खुर्चीतल्या माणसाचा डॉक्टरवरचा निम्मा विश्वास तिथेच उडतो.

सकाळी ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसत. पेशंटना धीर देणं हे काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं. "काही दुखत नाही हो, आठ मोजेपर्यंत होतं," असं ते सांगत. दुखायचंच, पण लोकांना ते आवडायचे.

त्या सोमवारी मात्र त्यांचा पारा चढलेला होता. आदल्या दिवशी क्लबांच्या बॉक्सिंग लढती झाल्या होत्या आणि पंचकाका तिथे पाहुणे म्हणून गेले होते. वर्तमानपत्रानं त्या लढतींना चार ओळी दिल्या होत्या, त्याही हवामानाच्या खाली. आणि येत्या शनिवारी होणाऱ्या एमएमएच्या लढतींना अर्धं पान, रंगीत फोटोसकट.

"चार ओळी! त्यातही विजेत्याचं वजन चुकवलंय," ते म्हणाले. "आणि या पिंजऱ्यातल्या हाणामारीला अर्धं पान."

एमएमएमध्ये ठोसे, लाथा, कुस्तीसारखी पकड, सगळंच चालतं, आणि लढत दोरांच्या रिंगऐवजी जाळीच्या पिंजऱ्यात होते. मला तो खेळ आवडतो. फोनवर बघतो अधूनमधून. त्यामुळे मी मागच्या खोलीतून तोंड घातलं.

"बाबा, लोकांना जे बघायचं तेच छापणार ना ते. आता बॉक्सिंगला कोण विचारतं?"

"सगळं जग विचारतं, जावईबापू. शंभर वर्षं विचारतंय."

"जगाचं सोडा. काल तुम्ही गेला होतात, तिथे खुर्च्या किती होत्या?"

"साठ."

"आणि माणसं?"

त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण जीभ सुटली की सुटली. "मला तर वाटतं, प्रेक्षकांपेक्षा पंचच जास्त असतील."

खोलीत तीन पेशंट होते. त्यातला एक, ज्याचा गाल टम्म सुजला होता, तोसुद्धा गाल धरून हसला. पंचकाकांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली आणि ते जिना चढून वर गेले. दुपारी जेवायला बोलावलं तर म्हणाले, भूक नाही.

डॉक्टरनं मला मागच्या खोलीत गाठलं. "काय बोललास तू बाबांना?"

मी सांगितलं.

"अरे, तो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना सोडवत आला. स्वतःला भांडता येत नाही त्यांना. आणि तू चार लोकांत पाणउतारा केलास?"

"मी फक्त खरं बोललो."

"खरं बोलायची एवढी हौस असेल ना, तर त्या पोस्टमनला जाऊन सांग की त्याची कवळी तू चुकीची बनवलीस म्हणून सैल झालीय. चार फेऱ्या मारून, सांगून सांगून दातांच्या कण्या झाल्या बिचाऱ्याच्या, आहेत तेवढ्यांच्या."

मी हातातलं काम ठेवलं. वर जाऊन माफी मागितली तर सासरे म्हणाले, "माफी कसली, बरोबर आहे तुमचं." त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

बुधवारी एक बाई माउथगार्डसाठी आली. तिशीची असेल. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायची. कमरेला हत्यारांचा पट्टा तसाच होता आणि नखांत ग्रीस. दुकानातून आणलेलं गार्ड तिनं चावून चावून पार चिपाड केलं होतं. डॉक्टरनं तिच्या तोंडात गुलाबी लगदा भरलेला साचा बसवला, आणि दोन मिनिटं तोंड उघडं ठेवून बसायचं म्हणून ती बाहेरच्या खोलीकडे बघत बसली. दार उघडंच होतं. पलीकडे पंचकाका.

"बॉक्सिंग?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली, नाही.

"मग त्या पिंजऱ्यात?"

हो.

"पडलेल्या माणसाला मारता तुम्ही लोक?"

तिला बोलता येत नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी काहीतरी खुणा केल्या, ज्यातून एवढंच कळलं की मामला इतका सोपा नाही. पंचकाकांनी पुढचं विचारायच्या आत दोन मिनिटं संपली. साचा निघाल्याबरोबर ती तोंड पुसत बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"शनिवारी माझी लढत आहे, काका. चारला लढती सुरू होतात. घरच्यांसाठी पास मिळतात, माझे दोन उरलेत. एकदा येऊन बघा. नाही आवडलं तर पुन्हा मला काही विचारू नका आणि मीही सांगणार नाही."

मला वाटलं, ते नाक मुरडतील. पण त्यांनी पास घेतले, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचले आणि एक मला दिला. "चला जावईबापू. तुमची गर्दी बघून येऊ."

शनिवारी आम्ही साडेतीनला पोचलो तर रांग बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली. आत बाराशे खुर्च्या होत्या. त्या भरल्या, मग पायऱ्या भरल्या, मग लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मधोमध आठ कोनांचा पिंजरा, वर प्रखर दिवे. पंचकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आजूबाजूला सगळे काळ्या टी-शर्टमध्ये, त्यामुळे लोक त्यांनाच वाट विचारत होते.

पहिली लढत त्यांनी अर्धी बोटांच्या फटीतून बघितली. एक जण खाली पडला, दुसरा त्याच्यावर बसला आणि ठोसे घालायला लागला, तेव्हा पंचकाका खुर्चीतून अर्धे उठले आणि रिंगमधल्या सवयीनं ओरडले, "ब्रेक!" पुढच्या रांगेतली चार डोकी मागे वळली.

"असं नसतं हो," पलीकडच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. साठीच्या असतील, मांडीवर विणकाम. "खालचा बघा काय करतोय. त्यानं वरच्याचा हात धरलाय. आता पायात अडकवेल. तो खाली आहे म्हणजे हरतोय असं समजू नका."

त्या लिफ्टवालीच्या आई निघाल्या. पुढचा तासभर त्यांनी सुया न थांबवता पंचकाकांची शिकवणी घेतली. कुठला हात कुठून घ्यायचा, मान कशी सोडवायची, हार मानली की समोरच्याला कसं थापटायचं. एखादीनं स्वेटरचा गळा कसा घ्यायचा ते सांगावं तशा त्या गळा आवळायची रीत सांगत होत्या. पंचकाका आधी हं हं करत होते, मग प्रश्न विचारायला लागले, आणि तिसऱ्या लढतीला तर दोघांचा वाद झाला की पॉइंट कोणाला मिळायला हवेत.

मग लेकीची लढत आली तेव्हा बाईंनी विणकाम पिशवीत ठेवलं.

लिफ्टवालीसमोरची मुलगी उंच होती आणि लांबून मारत होती. पहिल्या फेरीत आमच्या पेशंटनं चांगलाच मार खाल्ला. "हनुवटी! हनुवटी झाक!" पंचकाका पुटपुटत होते. "डावा हात कुठे ठेवलाय हिनं, खिशात?" दुसऱ्या फेरीत ती एकदम खाली वाकली, उंच मुलीचे दोन्ही पाय धरून तिला आडवी केली आणि वळून पाठीवर चढली. हात गळ्याखालून गेला. सगळं सभागृह उभं राहिलं.

उंच मुलगी थापटेना. हट्टी होती. आणि मग तिचा डावा हात, जो लिफ्टवालीचं मनगट ओढत होता, तो किंचित सैल पडला. आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. पण पिंजऱ्यातला पंच गुडघ्यावर बसून नेमका त्याच हाताकडे बघत होता. क्षणात त्यानं झेप घेतली, दोघींना सोडवलं आणि खालच्या मुलीचं डोकं आपल्या तळहातावर घेतलं. चार-पाच सेकंदांत ती उठून बसली, इकडेतिकडे बघू लागली.

लोक लिफ्टवालीसाठी ओरडत होते. तिच्या आई डोळे पुसत होत्या. पंचकाका टाळ्या वाजवत होते ते मात्र पंचासाठी. "हात बघितला त्यानं! जावईबापू, पाहिलंत? चेहरा नाही, हात बघितला!" त्यांचा आवाज चिरकला होता.

परत येताना मात्र ते मान खाली घालून चालत होते. अजून उजेड होता. दुकानं उघडी होती. कोपऱ्यावर ते थांबले.

"चांगला खेळ आहे," ते म्हणाले. "मला उगीच वाटत होतं की नुसती धटिंगणगिरी असेल. पण गर्दी बघितलीत ना? उभं राहायला जागा नव्हती. आणि आमच्याकडे साठ खुर्च्या." ते हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. "तुम्ही जिंकलात. संपलं आमचं बॉक्सिंग."

मला जिंकल्याचं काही वाटलं नाही.

रविवारी दवाखाना बंद. मी मागच्या खोलीतली फळी आवरायला घेतली. कोणाचंही माउथगार्ड बनवलं की त्याचा प्लास्टरचा जबडा मी ठेवून देतो, कारण लोक ती चावून खराब करतात, हरवतात, एकाचं तर कुत्र्यानं पळवलं होतं. जबडा असला की पुन्हा लगदा नको, फिरून तोंड वासायला नको. प्लास्टिक तापवायचं, मशीननं ओढून बसवायचं, कडा घासायच्या, झालं. प्रत्येकाच्या तळाशी मी पेन्सिलनं नाव, तारीख आणि खेळ लिहितो. जुने काढून टाकावेत म्हणून मी वर्षभराचे वेगळे करत होतो. करता करता मनात आलं की मोजून बघू.

मोजले. मग खाली बसलो आणि पुन्हा मोजले.

एमएमएचे अडतीस होते. बॉक्सिंगचे एकशे त्रेचाळीस.

माझी दातखिळी बसली. हे सगळे जबडे मीच बनवले होते, एकेक करून, वर्षभर. पण ओळीनं मांडून कधी बघितले नव्हते. आणि बॉक्सिंगचे नीट बघितले तर ते काही खेळाडूंचे वाटेनात. कोणाला तीन कॅप होत्या, कोणाला पडलेल्या दाताच्या जागी पूल बसवलेला, एकाला तर वरची अर्धी कवळी. तळाची नावं वाचत गेलो. मुख्याध्यापिका बाई. शिंपी. पोस्टमन, तोच, सैल कवळीवाला. रुग्णालयातल्या दोन नर्स. नकाशे काढणारे एक निवृत्त गृहस्थ, वय चौसष्ट.

खोटं कशाला बोलू, एक क्षण वाटलं, गप्प बसावं. कालच तर जिंकलो होतो. पण मग जिन्यावरून वर हाक मारली. "बाबा, जरा खाली या. डॉक्टर, तूही ये."

पंचकाका फळीसमोर उभे राहिले. मी दोन्ही ढीग दाखवले. त्यांनी एक जबडा उचलला, उलटा केला, चष्मा वर सरकवला. "शिंपी? आपला, समोरच्या गल्लीतला? हा बॉक्सिंग करतो?"

"असं लिहिलंय."

"या माणसाला सुईत दोरा ओवायला दोन चष्मे लागतात!"

डॉक्टर दारात टेकून उभी होती. "करतात बाबा. सकाळी सहाला, जुन्या क्लबात वर्ग असतो. निम्मे लोक तिथूनच येतात माझ्याकडे. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मला कसं माहीत असणार? मी लढतींना जातो."

"तेच तर," मी म्हणालो. "लढतीला कोणी येत नाही, कारण सगळे स्वतःच खेळतायत. एमएमए बघायला बाराशे आणि करायला अडतीस. तुमचं उलटं."

त्यांनी दोन्ही ढिगांकडे आळीपाळीनं बघितलं. हातातला शिंप्याचा जबडा मात्र त्यांनी खाली ठेवला नाही. मग म्हणाले, "सहाला म्हणजे सकाळी सहाला?"

सोमवारी पावणेसहाला ते माझ्या दाराशी कपडे करून हजर. मी पहाटे उठणाऱ्यांपैकी नाही, पण त्या दिवशी ना म्हणायची सोय नव्हती.

जुना क्लब म्हणजे एक लांबट हॉल, उंच खिडक्या, भिंतीचा रंग खांद्याच्या उंचीपर्यंत घासून गेलेला. छताला सोळा पिशव्या टांगलेल्या आणि एकेका पिशवीवर तीन-तीन माणसं पाळीपाळीनं ठोसे मारतायत. पन्नासेक तरी लोक असतील. मुख्याध्यापिका बाई पांढऱ्या केसांवर पट्टी बांधून दोरीवरच्या उड्या मारत होत्या. पोस्टमन घामानं निथळत होता; मला बघून त्यानं बत्तिशी दाखवली, आणि मी पटकन नजर वळवली. शिंपी खरोखरच होता. आणि कोपऱ्यातल्या पिशवीवर, डोळ्याखाली निळं पडलेलं, लिफ्टवाली.

"तुम्ही इथे?" पंचकाकांनी तिला विचारलं.

"आमच्यातले बरेच जण येतात, काका. पकड चांगली आहे माझी, पण हात कच्चे आहेत. शनिवारी बघितलंत ना, कसा मार खाल्ला."

"डावा हात खाली असतो तुझा," पंचकाका म्हणाले. एका वाक्यात ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते, आणि ती खूश झाली.

शिकवणारी बाई चाळिशीची होती, गळ्यात शिट्टी. तिनं पंचकाकांना लांबूनच ओळखलं आणि जवळजवळ धावत आली. "सर! माझ्या पहिल्या लढतीला तुम्हीच पंच होतात. मला मार बसला तेव्हा आठपर्यंत मोजलंत आणि लढतच थांबवलीत."

"हरला होतात का?"

"हरले होते. तुमचा फार राग आला होता." ती हसली. "दुसऱ्या दिवशी आरशात डोळा बघितला, मग राग गेला. सर, थांबता का जरा? हे लोक आता दोन-दोन मिनिटं हलकं खेळणार आहेत. मी एकटी, आणि हे ऐकत नाहीत. एकमेकांना मिठ्या मारून उभे राहतात."

पंचकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांचं जाकीट घेतलं. दोरांमधून आत शिरताना त्यांचा उजवा गुडघा अडला, मी पुढे झालो, पण त्यांनी हातानंच मला थांबवलं. आत गेल्यावर ते आधी सगळी रिंग पायांनी चाचपत फिरले, चारही कोपरे. मग मुख्याध्यापिका बाई आणि शिंपी समोरासमोर आले. पंचकाकांनी दोघांची ग्लोव्ह्ज बघितली, नाडी नीट खोचली, "दाखवा," म्हणून दोघांच्या तोंडातली गार्ड बघितली. दोन्ही माझीच, एक निळं, एक पारदर्शक. घट्ट बसली होती.

"बॉक्स," ते म्हणाले.

मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण रिंगमध्ये कधी बघितलं नव्हतं. घरी ते जिना धरून उतरतात. इथे ते अलगद फिरत होते, एकदा या बाजूला, एकदा त्या, कोणाच्याही मध्ये न येता. शिंप्यानं डोळे मिटून एक ठोसा मारला. मुख्याध्यापिका बाईंनी तो चुकवला आणि वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. मग दोघंही दमली आणि एकमेकांच्या गळ्यात पडली.

"ब्रेक!"

हॉलमधल्या पिशव्यासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. दोघं ताडकन वेगळी झाली. पंचकाकांनी दोघांना एकेक पाऊल मागे घ्यायला लावलं, शिंप्याला हळूच सांगितलं, "डोळे उघडे ठेवून मारा, समोर कोण आहे ते तरी कळू दे," आणि पुन्हा सुरू केलं.

त्या सकाळी त्यांनी अकरा जोड्या खेळवल्या. शेवटची लिफ्टवालीची, एका नर्सबरोबर. ती संपल्यावर लिफ्टवाली म्हणाली, "काका, शनिवारचा आमचा पंच कसा वाटला?"

"फार चांगला. त्याला सांग मी म्हणालो म्हणून."

"तुम्हीच सांगा की. गुरुवारी तोही येतो इथे."

परत येताना आम्ही कोपऱ्यावर पाव आणि अंडी घेतली. पंचकाका वाटभर बोलत होते. पोस्टमनचा उजवा हात बरा आहे. मुख्याध्यापिका बाई वीस वर्षांपूर्वी आल्या असत्या तर समोरच्याचं काही खरं नव्हतं. शिंप्याला आधी चष्म्याच्या दुकानात पाठवायला हवं. आणि हो, खुर्च्यांचा विषय निघालाच, पण या वेळी त्यांनीच काढला. "बाराशे लोक बघायला येतात ते काही कमी नाही हं, जावईबापू. आमच्याकडे तेवढे कधीच आले नाहीत, अगदी चांगल्या दिवसांतही नाही. मी उगाच तुमच्याशी वाद घालत होतो."

"मीही उगाच घालत होतो, बाबा."

"घाला की. त्याशिवाय सकाळ कशी जायची?"

घरी आल्यावर त्यांनी तीन अंडी खाल्ली आणि चौथं आहे का विचारलं. डॉक्टरनं आपल्या ताटातलं त्यांना दिलं आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग ते रोजच्यासारखे खाली बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. नऊ वाजता पहिली पेशंट आली, अक्कलदाढ काढायची म्हणून घाबरलेली. तिला धीर देणारं कोणी नव्हतं, कारण पंचकाका खुर्चीत मान मागे टाकून गाढ झोपले होते. डॉक्टरनं तोंडावर बोट ठेवलं, आणि त्या बाई आपलं दुखणं विसरून चवड्यांवर चालत आत गेल्या.